डिस्कवरची शेवटची तारीख

त्रोयान, १२ नोव्हेंबर

रुमेना,

तू ब्रनोला नीट पोहोचलीस हे स्तोयनाआत्यांकडून कळलं. तू मला फोन केलास, मी उचलला नाही. रागाने नाही. बोलायची सवय गेली आहे. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेल्यावर ओग्न्यान पाटीवर लिहायचा, आणि हळूहळू मीही त्याला पाटीवरच उत्तरं द्यायला लागले. त्यामुळे आताही लिहूनच विचारते. कचेरीतल्या कॉम्प्युटरवरून लिहिते आहे, जेवणाच्या सुट्टीत.

काम असं आहे. त्याच्या छोट्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू होत नाही. तो गेल्यापासून मी त्या खोलीत गेलेच नव्हते. काल गेले, बटण दाबलं. पंखा फिरला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी आल्या आणि तिथेच थांबल्या. मला येतं तेवढ्या इंग्रजीवरून कळलं ते असं: डिस्क तपासताना काही जुळत नाही, ती हाताने तपासा. आणि शेवटी मुख्य पासवर्ड मागतो. तो मला माहीत नाही.

ऑपरेशनच्या आधी महिनाभर तो दार लावून त्या खोलीत बोलत बसायचा, हे तुला ठाऊक आहे. मी कॉफी घेऊन गेले की मायक्रोफोन बाजूला सारून थांबायचा. "काय बोलतोस रे एकटाच?" म्हटलं तर म्हणायचा, "कामाचं आहे." त्याचा आवाज आता त्या डिस्कवर आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही. आमच्या लग्नाच्या व्हिडिओ फितीतसुद्धा तो नुसता उभा आहे, एक शब्द बोलत नाही.

यंत्र तू लावून दिलं होतंस, म्हणून तुला विचारणं भाग आहे. आणखी एक विचारते. मी प्लेवेनच्या इस्पितळातून त्याला आणायला गेले, त्या सकाळी तू घरी होतीस. त्या खोलीत गेली होतीस का?

नेव्याना

ब्रनो, १३ नोव्हेंबर

वहिनी,

हो, गेले होते. दादाच्या खुर्चीवर बसले, रडले, तोंड धुतलं आणि बाहेर आले.

आता यंत्राचं. घाबरू नकोस, डिस्क मेलेली नाही. मेलेली डिस्क इतकं बोलत नाही. ते यंत्र चालवणारं लिनक्स म्हणजे आपल्या आत्याच समज. उंबरठ्यावर बूट उलटेपालटे करून बघितल्याशिवाय कुणाला आत घेत नाही. यंत्र सुरू झालं की आधी डिस्क स्वतःला जोडून घेतं, मगच बाकीचं घर उघडतं. आणि जोडण्याआधी ती धड आहे ना, ते तपासतं. तुझ्याकडे ते त्या तपासणीतच अडलंय. माझ्या कामावर आठवड्यातून एखादं तरी असं यंत्र येतं. मशीन-रूमची हमाल आहे मी, मला याचं नवल नाही.

तू दोन गोष्टी कर. पडद्यावरच्या ओळी, विशेषतः तारखा, जशाच्या तशा उतरवून पाठव. मग पासवर्ड घाल, एफ एस सी के ही तपासणीची चार अक्षरं टाइप कर आणि ते विचारेल त्या सगळ्याला हो म्हण.

पासवर्ड मला माहीत आहे, पण पत्रात लिहिणार नाही. आमच्या धंद्यात जो पासवर्ड लिहून पाठवतो तो दुसऱ्या दिवशी नवी नोकरी शोधत असतो. फोन कर, सांगते. बोलायचं नसेल तर नुसतं ऐक.

दादा त्या खोलीत काय बोलायचा, ते मात्र मला विचारू नकोस.

रुमेना

त्रोयान, १७ नोव्हेंबर

रुमेना,

ओळी उतरवल्या. डिस्कवर शेवटचं लिखाण झालं ती तारीख ३० ऑक्टोबर, सकाळची. यंत्राचं म्हणणं, ही तारीख भविष्यातली आहे. भविष्यातली कशी ते मला कळत नाही. खाली आणखी एक तारीख आहे, पण ती कुठलीतरी जुनी, २०१० च्या जानेवारीची, म्हणून सोडून दिली.

मला एवढंच कळतं. ओग्न्यान २९ तारखेला संध्याकाळी गेला. ३० तारखेला सकाळी मी त्याचे कपडे घेऊन प्लेवेनला होते. घरात दोघीच होतात, तू आणि स्तोयनाआत्या. आत्यांना टीव्हीचा आवाज कमी करायलाही शेजारी लागतो. मग त्या सकाळी माझ्या नवऱ्याच्या डिस्कवर कुणी लिहिलं?

त्याचा मुख्य पासवर्ड तुला माहीत असतो, मला नसतो. तो काय बोलत होता हेही तुला माहीत आहे आणि मला विचारायची बंदी आहे. तू खोलीत गेलीस, रडलीस, एवढंच सांगतेस. आणि आता सांगतेस, सगळ्याला हो म्हण. कशाला हो म्हणायचं? पुसून टाकायला?

शेजारचे गेंचोकाका कुंपणापाशी उभे होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "सगळ्याला हो म्हणायला सांगते? पोरी, मी आयुष्यात एकदाच न वाचता हो म्हटलं. ती बघ, अजून आत मिरच्या भाजतेय." आतून काकू ओरडल्या, "मी तरी कुठे चष्मा लावला होता तेव्हा!"

त्यांना हसायला येतं. मी फोन करणार नाही आणि हो म्हणणार नाही.

नेव्याना

ब्रनो, १८ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र वाचून आधी वाटलं, उत्तरच देऊ नये. पण यंत्राचा काही दोष नाही, म्हणून लिहिते.

जी तारीख तू सोडून दिलीस तीच कामाची आहे. यंत्राला वाटतंय की आज १ जानेवारी २०१० आहे. आणि डिस्कवर शिक्का आहे यंदाच्या ३० ऑक्टोबरचा. सीमेवरच्या शिपायासमोर तू असा पासपोर्ट धरलास, ज्यावर अजून न उजाडलेल्या वर्षाचा शिक्का आहे, तर तो काय करील? गाडी बाजूला घ्या म्हणेल. तेच झालंय.

त्याचं घड्याळ मागे का गेलं, तेही सांगते. यंत्राच्या पोटात नाण्याएवढा सेल असतो. वीज गेली तरी त्याच्या जोरावर तारीख चालू राहते. दादाच्या यंत्रातला सेल केव्हाच संपला होता. मी बदल म्हटलं की तो लिहायचा, "बंदच करत नाही तर बदलू कशाला?" खरंच तो ते कधी बंद करायचा नाही. म्हणजे कुणीतरी भिंतीतून वायर ओढली. वीज गेली आणि यंत्र जन्मतारखेला जाऊन बसलं.

आणि डिस्कवर लिहायला माणूस लागत नाही. चालू यंत्र स्वतःशी लिहीतच असतं, किती वाजले, पंखा कसा फिरतोय, काही बिघडलं का. ३० तारखेला सकाळी ते एकटंच लिहीत बसलं होतं. मालक गेला हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वायर निघाली तेव्हा थांबलं. तीच तारीख तुला दिसतेय, ती कुणा चोराची नाही.

वायर मी ओढली नाही. मी खोलीत गेले तेव्हा पडदा काळाच होता. खरं सांगू? मला वाटलं तूच बंद करून गेलीस. तुला ती खोली कधी आवडली नाही. मलाही संशय आला, की वहिनीला यातलं काही नको आहे. फरक इतकाच की मी तो पत्रात लिहिला नाही.

काय बोलत होता ते सांगणार नाही, कारण त्याला शब्द दिलाय. तुला यात चोरी दिसत असेल तर दिसू दे.

रुमेना

त्रोयान, ३ डिसेंबर

रुमेना,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी त्यावर विश्वास ठेवला नव्हता. तू लिहिलंस ते सगळं जुळत होतं. नीट जुळणाऱ्या गोष्टींचीच मला भीती वाटते. जमीनमोजणीच्या कचेरीत इतकी वर्षं काढली. ज्या नकाशात सगळ्या हद्दी चोख बसतात, तो घरी बसून काढलेला असतो.

चाळीसाव्या दिवसाच्या स्मरणविधीचं पत्रक छापून आणलं आणि खांबांवर, दारावर, बसथांब्यावर लावलं. खाली शोकाकुल म्हणून माझं आणि आत्यांचं नाव आहे. तुझं नाही. फोटो त्याच्या जुन्या ओळखपत्रावरचा घालावा लागला, त्यात तो कुणावर तरी चिडलेला दिसतो.

मग यंत्र उचलून लोवेचला एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तो सूर्यफुलाच्या बिया खात होता. पडदा बघून म्हणाला, "बाई, हे जुनं लिनक्स काढून टाकू. नवीन चकचकीत घालून देतो, संध्याकाळी न्या."

"आणि आतलं?"

"आतलं जाईल. त्यात काय आहे?"

मी सांगितलं नाही. विचारलं, डिस्क तपासताना सगळ्याला हो म्हटलं तर काय होतं? तो म्हणाला, "काही नाही हो, ते दुरुस्तीचं. त्याने पुसत नाही. पण नंतर काय काय निघेल, कोण निस्तरत बसणार? नवीन घातलं की सुटलो."

मी यंत्र परत गाडीत ठेवलं. म्हणजे पुसायला जो निघाला होता तो तू नव्हतीस. तरी वायरीचं राहिलंच होतं.

तिथून तशीच ओरेशाकला आत्यांकडे गेले. चाळीसाव्याला वाटायचे गहू किती शिजवायचे ते विचारायचं होतं. आत्या अक्रोड फोडत होत्या. त्यांना सहज म्हटलं, "त्या सकाळी घरात कोण कोण येऊन गेलं?"

"कोण येणार? सगळं मीच केलं. तुझी नणंद मेणबत्त्या आणायला गेली ती बाजारातच हरवली. त्याला घरी आणायच्या आधी आरसे झाकले, पाणी ओतून दिलं, घड्याळं थांबवली. आता कुणी करत नाही हे. शिकलेल्या आहात ना सगळ्या."

"सगळी घड्याळं?"

"सगळी. भिंतीवरचं, स्वयंपाकघरातलं, उशाचं. एकच ऐकेना."

"कुठलं?"

"त्या छोट्या खोलीतलं, काचेवरचं. काटेच नाहीत त्याला, धरू काय? एवढाले आकडे, पळतायत आपले. माझ्या भावाचा मुलगा उंबरठ्यावर येतोय आणि घरात वेळ चालू! मी खाली वाकले, भिंतीतलं शेपूट धरलं आणि ओढलं. बसलं गप्प."

त्याच पुढे म्हणाल्या, "पुरून आल्यावर सगळी परत चालू केली हो मी. शेपूटही खोचलं. पण ते रुसलं, काच काळीच राहिली. म्हटलं, मालकाबरोबर गेलं. अशी कुत्रीही असतात."

"आत्या, मला का नाही सांगितलंत?"

"घड्याळ थांबवलं हे काय सांगायचं असतं? तुझ्या घरात मरण झालं होतं, पोरी. थांबवणारच. तू काय खाल्लंयस सकाळपासून? ते अक्रोड घे."

अक्रोड खाल्ले. परतीच्या वाटेवर पुलापाशी थोडा वेळ गाडी थांबवून बसले.

उद्या संध्याकाळी कामावरून आल्यावर मी घरीच आहे. तुझा फोन आला तर उचलीन. पासवर्ड सांग.

नेव्याना

ब्रनो, ४ डिसेंबर, दुपार

वहिनी,

पत्रकाचा फोटो आत्येभावाने मला आठवड्यापूर्वीच पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "काय गं, तू वारलीस म्हणून वगळलं की काय?" मी त्याला उत्तर दिलं नाही आणि तुलाही त्यावर काही लिहीत नाही. आत्यांवर मात्र रागावू नकोस. मी मशीन-रूममध्ये हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण वायर ओढायची यापेक्षा चांगली कारणं मी फार ऐकलेली नाहीत.

संध्याकाळी फोनवर पासवर्ड सांगीन. बाकीचं इथे लिहिते, म्हणजे तुला समोर ठेवता येईल. आधी नवा सेल बसव, घड्याळवाल्याकडे मिळतो. मग यंत्र सुरू होताना डिलीटचं बटण दाबून धर. निळा पडदा येईल, तिथे तारीख बरोबर कर. कदाचित तेवढ्यानेच डिस्क जोडून घेईल. पण चालू असताना शेपूट ओढल्यामुळे काही लिखाण अर्धं राहिलं असेल, तर ते पुन्हा अडेल. मग पासवर्ड आणि ती चार अक्षरं. सगळ्याला एकदम हो म्हणू नकोस. तुला तसं जमणार नाही, कळलंय मला. एकेक वाच आणि एकेक हो म्हण. सावकाश जाईल, पण चालेल.

आता शब्द मोडते. यंत्र उघडलं की तू ते ऐकशील, आणि मी तिथे नसेन.

आवाज जाणार हे कळलं तेव्हा मी दादाला म्हटलं, इथे काही लोक आहेत, माणसाने पुरेशी वाक्यं वाचून दिली की त्याच्या आवाजात बोलणारं यंत्र करतात. तू टाइप करशील आणि ते तुझ्या आवाजात बोलेल. म्हणून तो दार लावून वाचत बसायचा. आधी त्यांनी दिलेली वाक्यं, कसलीही, हवामान, रेल्वे, भाजी. मग त्यांनी सांगितलं, घरात रोज लागतील अशी तुमची स्वतःची वाक्यं करून वाचा. तीही त्याने केली. ती मी ऐकलेली नाहीत.

तुला तो हे देणार होता, ऑपरेशनहून घरी आल्यावर. जमलं नाही. जो आवाज तयार झाला तो डब्यात बसून बोलल्यासारखा होता. दादाने एकदाच ऐकला आणि मला लिहून पाठवलं, "हा कोण? करवसुलीवाला?" मी म्हटलं, परत करू, वर्षभरात सुधारेल. त्याने लिहिलं, "नेव्यानाला सांगू नकोस. ती वाट बघत बसेल." मी नाही सांगितलं. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

मूळ वाचलेलं सगळं मात्र तिथेच आहे. दादाच बोलतोय त्यात, करवसुलीवाला नाही.

रुमेना

त्रोयान, ६ डिसेंबर

रुमेना,

परवा फोनवर आपण कामाचंच बोललो, ते बरं झालं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. तू पासवर्डचं एकेक अक्षर सांगत होतीस आणि मी प्रत्येक वेळी "काय?" म्हणत होते. तू चिडली नाहीस. मी असते तर चिडले असते.

सेल काल बसवला. तारीख बरोबर केली, तरी ते अडलंच, तू म्हणालीस तसं. मग तपासणी सुरू केली. प्रश्न पुष्कळ होते. अर्धवट राहिलेलं काही सापडलं आहे, जागेवर लावू का? हे कुणाचं ते कळत नाही, वेगळं ठेवू का? प्रत्येक प्रश्न वाचला, शब्दकोशात पाहिला आणि हो म्हटलं. एका ठिकाणी हात थांबला. तिथे पुसू का असं विचारलं होतं. तेव्हा तुला परत फोन केला. तू कुठेतरी जेवायला बसली होतीस, मागे माणसं हसत होती. तू म्हणालीस, "वाच मला ती ओळ." मी वाचली. तू म्हणालीस, "ती रिकामी नोंद आहे वहिनी, तिच्यात काही नाही. पण तुला नको वाटत असेल तर नाही म्हण, अडणार नाही." मी हो म्हटलं.

मग यंत्र पुन्हा सुरू केलं. ओळी आल्या, थांबल्या नाहीत, आणि पडद्यावर आकडे आले. आत्यांनी थांबवलं ते हेच असणार.

आज सकाळी मी त्या सगळ्या खांबांपाशी जाऊन आले. लावलेलं पत्रक आपल्याकडे कुणी उतरवत नाही, ते वाऱ्यापावसानेच जातं. म्हणून प्रत्येकावर पेनाने तुझं नाव लिहिलं. बसथांब्यावरचा कागद ओला होता, तिथे शाई पसरली. तू उतरशील तेव्हा तेच आधी दिसेल. ते तसं का आहे, हे तुला कुणी सांगायला नको, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

वाचलेल्या वाक्यांच्या दोन थप्प्या आहेत. एक त्या लोकांनी दिलेली. दुसरीला त्याने नाव दिलंय, "घरचं". मी पहिल्या थप्पीतलं पहिलंच उघडलं. ओग्न्यान म्हणाला, "ट्रामचं तिकीट चालकाकडे मिळेल."

त्याचाच आवाज होता, आजारपणाच्या आधीचा, खणखणीत. त्रोयानला ट्राम कधी नव्हती. त्याने आयुष्यात ट्रामचं तिकीट काढलं असेल तर ते सोफियाला, सैन्यात असताना. मी ते पुन्हा लावलं, आणि पुन्हा लावलं. गेंचोकाका कुंपणापाशी होते, खिडकी उघडी होती. त्यांनी टोपी काढली आणि आत निघून गेले.

दुसरी थप्पी उघडलेली नाही. एकटीने ऐकता येईल, आता मला सगळं येतं. पण ऐकणार नाही. शनिवारी चाळीसावा आहे, गहू मी भिजत घातलेत. तू शुक्रवारी ये. आत्या आल्या की त्या खोलीत कुणाला तरी बसवावं लागेल, म्हणजे शेपटाला हात लागणार नाही. तुझ्यासाठी तिथेच गादी घालते.

नेव्याना